क्रॉलसाठी सुचवलेल्या कल्पना डेव्हलपर उचलत का नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वर्षभर 'डंजन क्रॉल स्टोन सूप' हा अंधारकोठडीत उतरायचा संगणकावरचा खेळ खेळताय, खेळ मनापासून आवडतो, आणि खेळता खेळता पाच कल्पना सुचल्या. दुकानांनी आपला माल विकत घ्यावा. शस्त्रं झिजावीत आणि लोहाराकडून दुरुस्त करून घ्यावी लागावीत. भूक परत आणावी. मेल्यावर एक जादा जीव मिळावा. आणि सिगमंडसारखे जे शत्रू स्वतःच्या नावानिशी येतात, त्यांच्याशी बोलून, काही देऊन-घेऊन सुटका करून घेता यावी. या कल्पना मांडल्यावर दोघातिघांनी 'हे सगळं होऊन गेलंय' एवढंच सांगून बोळवण केली. आता खोट कल्पनांत आहे की ऐकणाऱ्यांत, असं तुम्ही विचारताय.

थोडी थोडी दोन्हीकडे. 'होऊन गेलंय' हे उत्तर तुसडं आहे, पण खोटं नाही. भूक आणि झिजणारी हत्यारं क्रॉलमध्ये एकेकाळी होती, आणि जादा जीव एका वेगळ्या रूपात आजही आहे. मी एका छोट्या ओपन सोर्स रोगलाइकची, म्हणजे क्रॉलसारख्याच एका खेळाची, देखभाल करते. खेळणाऱ्यांच्या सूचना वाचणं, त्यातल्या काही प्रत्यक्ष करून बघणं हे बरीच वर्षं चालू आहे. क्रॉलच्या टीममध्ये मी नाही, त्यामुळे त्यांच्या वतीने बोलत नाही. पण सूचना वाचताना आमच्यासारख्यांच्या डोक्यात काय चालतं, ते सांगू शकते.

'कल्पना छान आहे का' हा प्रश्न मी सहसा विचारतच नाही, कारण बहुतेक छानच असतात. मी एक खेळाडू डोळ्यांसमोर आणते. चिक्कू, चिवट, कंटाळा न येणारा. नियमाने मोकळीक दिली आणि त्यातून चार दमड्यांचा फायदा होत असेल, तर तो तीच गोष्ट पाचशे वेळा करेल. हा माणूस नुसता कल्पनेतला नाही. रोगलाइकमध्ये मेलं की रन, म्हणजे तो अख्खा डाव, संपला, आठ-दहा तासांची मेहनत पाण्यात. त्यामुळे प्रत्येक बारीक फायदा घेणं हाच शहाणपणा ठरतो, आणि जिंकायच्या मागे लागलेला कुणीही हळूहळू त्या चिक्कू माणसासारखा खेळायला लागतो. म्हणून कल्पना वाचताना तिच्यातून काय मिळेल यापेक्षा तेच ते किती वेळा करावं लागेल, हे मी आधी बघते.

क्रॉलच्याच इतिहासातलं उदाहरण घ्या. पूर्वी शत्रू मारल्यावर मिळालेला अनुभव एका साठ्यात जमा व्हायचा, आणि जे कौशल्य तुम्ही वापराल त्यात तो मुरायचा. कागदावर किती सुंदर! जे कराल ते शिकाल. प्रत्यक्षात लोक काय करायचे? शत्रू मेला, आजूबाजूला चिटपाखरू नाही, आणि खेळाडू रिकाम्या खोलीत उभा राहून तोच मंत्र पुन्हा पुन्हा म्हणतोय, साठा संपेपर्यंत. त्याला 'व्हिक्टरी डान्स' असं नावच पडलं होतं. 0.9 आवृत्तीत हे सगळं काढून सरळ एक पडदा दिला: कुठलं कौशल्य वाढवायचं ते इथे निवडा. वास्तवाशी नातं थोडं सुटलं, पण बोटांचे हाल थांबले.

आता तुमची दुकानं. क्रॉलमधली दुकानं फक्त विकतात, विकत घेत नाहीत. हे राहून गेलेलं नाही, ठरवून केलेलं आहे. क्रॉलच्या मॅन्युअलमध्ये खेळामागचा विचार सांगणारा एक भाग आहे, तो एकदा जरूर वाचा. त्यातलं कारण साधं आहे: दुकानदार माल घेतो म्हटलं की अंधारकोठडीतली प्रत्येक गंजकी तलवार उचलून दुकानापर्यंत वाहून नेणं फायद्याचं होतं. मजला साफ झालेला, शत्रू उरलेले नाहीत, प्रवासाची कमांड एका बटनावर. म्हणजे धोका नाही, निर्णय नाही, नुसती हमाली.

हमालीचा दुसरा नमुना नेटहॅक या जुन्या रोगलाइकमध्ये बघायला मिळतो. तिथे दुकानदार माल घेतो, आणि साधारणपणे मूळ किमतीच्या निम्मे किंवा एक तृतीयांश देऊ करतो. अनोळखी वस्तूची ओळख पटवून देणाऱ्या स्क्रोलची (स्क्रोल म्हणजे मंत्र लिहिलेली गुंडाळी) मूळ किंमत 20, आणि त्या किमतीचा दुसरा उपयोगी स्क्रोल नाही. त्यामुळे अनोळखी स्क्रोल दुकानात ठेवला आणि समोरून 10 चा भाव आला, की 'नाही विकायचा' म्हणून तो परत उचलायचा. ओळख पटली, खर्च शून्य. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा भारी वाटतं, मीही खूश झाले होते. पण एकदा कळल्यावर प्रत्येक रनमध्ये, प्रत्येक स्क्रोलचं हेच. आणि ज्याला ही किमतींची यादी माहीत नाही, तो माहीत असलेल्यापेक्षा कायमचा मागे.

मग माल विकणं कुठेच चालत नाही का? चालतं. 'शिरेन' या जपानी रोगलाइकमध्ये दुकानदार माल विकत घेतो आणि तिथे ते मजेचं होतं, कारण एकाच मजल्यावर फार वेळ घुटमळलात तर वारा सुटतो आणि तुम्हाला उडवून नेतो. फेऱ्या मारायला सवडच नाही, म्हणून 'हे विकू की ठेवू' हा खराखुरा प्रश्न उरतो. थोडक्यात, तुमची कल्पना क्रॉलमध्ये बसत नाही ती मागे-पुढे मोकळं फिरता येतं म्हणून. 'हेलक्रॉल' हा क्रॉलचा एक फोर्क, म्हणजे त्याचाच कोड घेऊन दुसऱ्यांनी बनवलेला वेगळा खेळ आहे, त्यात वरच्या मजल्यावर परत जाताच येत नाही. विक्रीची कल्पना तिथे मांडलीत तर मी स्वतः तिच्या बाजूने बोलेन.

झिजणाऱ्या शस्त्रांचंही साधारण तेच, पण इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. पूर्वी क्रॉलमध्ये आम्लाने हत्यार आणि चिलखत कायमचं खराब व्हायचं. लेखकाच्या मनातलं चित्र असं असणार की खेळाडू आम्लवाल्या शत्रूला बघून दचकेल, लढू की पळू याचा विचार करेल. खेळाडूने काय केलं? चांगली तलवार पिशवीत टाकली, एक टाकाऊ गदा काढली, चिलखत उतरवलं, शत्रूला ठोकलं, मग चिलखत घातलं, तलवार परत हातात. दर वेळी तेच. आता क्रॉलमध्ये आम्लाचा परिणाम तात्पुरता आहे: थोडा वेळ संरक्षण घसरतं, मग पूर्ववत होतं. धोका त्याच लढाईत जाणवतो, म्हणून निर्णयही त्याच लढाईत घ्यावा लागतो. तुमच्या लोहाराची पंचाईत इथेच होते. झीज हळूहळू आणि कायमची असेल तर चिक्कू माणूस उंदीर मारायला एक हत्यार, राक्षस मारायला दुसरं, असं करत बसणार. लोहार पैसे घेऊन दुरुस्त करणार असेल, तर तो फक्त ठरावीक काळाने भरायचा कर झाला.

ब्रोग हा दुसरा रोगलाइक खेळून बघा म्हणजे मी परिस्थितीवर इतका भर का देतेय ते कळेल. तिथला ॲसिड माउंड हा आम्लवाला शत्रू तुमचं चिलखत आजही कायमचं कमकुवत करतो, आणि त्याला हत्याराने मारलंत तर हत्यारही. तिथेही जाणकार सल्ला देतात की चिलखत काढा आणि बुक्क्यांनी मारा. पण ब्रोगमध्ये चिलखत घातल्यावर त्याचा पूर्ण उपयोग सुरू व्हायला काही टर्न जातात, आणि माउंडच्या मागे माकड किंवा गॉब्लिनांची टोळी उभी असेल तर उघडं राहणं महागात पडतं. शिवाय मारामारीतून तिथे एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतच नाहीत, पात्राची सगळी वाढ वस्तूंमधून होते. चिलखताची पातळी एकने वाढवायला एक अख्खा स्क्रोल लागतो आणि असे स्क्रोल मोजकेच मिळतात, त्यामुळे एकाचं नुकसानसुद्धा खरोखर टोचतं. एकच नियम एका खेळात कटकट ठरतो आणि दुसऱ्यात रंगत आणतो. हेडीससारख्या झटपट रनच्या खेळात तर हिशेब आणखी वेगळा, तिथे मेल्यावर गोष्टच पुढे सरकते. म्हणून 'रोगलाइकमध्ये अमुक असावं' असं सरसकट वाक्य दिसलं की मी जरा सावध होते.

भुकेबद्दल तुमची तक्रार मला खरी वाटते, उपाय मात्र जुना आहे. तुम्ही लिहिलंत, 'घाई नसल्याने प्रत्येक लढाईनंतर पूर्ण बरं होईपर्यंत झोपून राहतो.' हे बरोबर आहे. पण भूक होती तेव्हाही लोक झोपूनच राहायचे. शत्रू मारायचा, प्रेत कापायचं, तुकडे खायचे, पुढे चालायचं, एवढंच काम वाढलेलं होतं. मांस इतकं मिळायचं की उपासमारीने मरण क्वचितच. झळ लागायची ती बहुधा जड मंत्र म्हणणाऱ्या नवख्या जादूगारांना आणि मांस न खाणाऱ्या स्प्रिगन जातीच्या पात्रांना. जानेवारी 2021 च्या 0.26 आवृत्तीत अन्न पूर्ण काढलं, आणि त्याच वेळी झॉटचं घड्याळ आणलं: एका भागात फार काळ रेंगाळलात तर झॉट नावाची घातक शक्ती तुम्हाला गाठते. बटनं दाबायला न लावता भुकेचं मूळ काम ते घड्याळ करतं.

फक्त ते फारच सैल आहे असं तुम्हाला वाटतंय, आणि तुमची खरी सूचना तीच आहे. 'भूक परत आणा' म्हटलंत की दार बंद होतं. 'घड्याळ इतकं सैल आहे की लढाईनंतरच्या विश्रांतीला काही किंमतच उरत नाही' म्हटलंत तर त्यावर बोलता येतं. आता कुणी नेटहॅककडे बोट दाखवेल. तिथे भूक अजून आहे आणि चांगली चालते, पण ती पोट भरण्यापुरती नाही. फ्लोटिंग आय नावाच्या शत्रूला जवळ जाऊन मारायला गेलात तर अंग लुळं पडतं आणि बहुतेक वेळा तिथेच खेळ आटोपतो. त्यालाच लांबून बाण मारून खाल्लंत तर टेलिपथी हमखास मिळते. कुठलं प्रेत खायचं, किती शिळं चालेल, कुणाचं खाल्लं की विषबाधा, या सगळ्यात निर्णय आहेत. क्रॉलच्या तुकड्यांमध्ये ते जवळपास नव्हतेच.

जादा जिवाचं उत्तर छोटं आहे. क्रॉलमध्ये फेलिड नावाची मांजराची जात आहे, तिला लेव्हल वाढतील तसे जादा जीव मिळतात. बदल्यात हत्यार नाही, चिलखत नाही. सगळ्यांनाच जीव दिला तर फेलिड कुणी घ्यायची? विषय संपला.

आता पाचवी. यादीत सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी शब्दांत लिहिलीत, पण माझ्या मते जमलेली तीच आहे. कारण सिगमंड एका रनमध्ये एकदाच येतो. चिक्कू माणसाला पाचशे वेळा करायला काही उरतच नाही, म्हणजे माझ्या चाळणीतून ती पहिल्याच झटक्यात सुटते. शिवाय ती खेळातल्या एका खऱ्या जखमेवर बोट ठेवते. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर विळा घेऊन येणारा, भ्रम पाडणारा, अदृश्य होणारा हा बुवा नवख्यांचे रन घाऊक संपवतो, आणि तोवर त्यांच्याकडे धड उत्तर नसतं.

तुम्ही लिहिलंत तसं नुसतं 'सोनं दिलं की तो जातो' ठेवलं तर काय होईल ते बघू. इतक्या वरच्या मजल्यावर दुकान अजून दिसलेलंही नसतं, त्यामुळे सोन्याचा तात्काळ उपयोग शून्य. पण सिगमंडला मारल्यावर मिळणारा अनुभव त्या टप्प्यावर बराच मोठा असतो, तो बुडतो. म्हणजे तोल अगदीच वाईट नाही. खरी अडचण वेळेची आहे. लढाई चालू असताना कधीही पैसे देता येत असतील तर चिक्कू माणूस आधी लढून बघणार, अंगाशी आलं की पाकीट काढणार. हा फुकटचा विमा झाला. म्हणून सौदा त्याने तुम्हाला पहिल्यांदा बघितलं त्याच क्षणी व्हायला हवा, एकदाच: घेतलात तर घेतलात, नाही तर विळा. क्रॉलमध्ये शत्रूचं वर्णन उघडून तो किती मारू शकतो ते बघता येतं, त्यामुळे हा निर्णय आंधळा राहत नाही.

सोन्याऐवजी वस्तू मागितली तर? मला सुरुवातीला हे जास्त आवडलं: तो तुमच्या अंगावरच्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखवतो. पण मग चिक्कू माणूस काय करेल? चांगल्या वस्तू जिन्यापाशी काढून ठेवेल, मजला हिंडेल, परत येऊन उचलेल. प्रत्येक मजल्यावर, कारण सिगमंड नक्की कुठे भेटेल हे माहीत नाही. एका भेटीसाठी सगळा खेळ हमालीचा झाला. सध्याच्या क्रॉलमध्ये सोनं मात्र खाली टाकून ठेवता येत नाही, म्हणून सोनंच बरं. आणि आकडा ठरलेला नको, जवळ असेल त्याचा मोठा हिस्सा हवा, म्हणजे आधीच उधळून टाकण्याचा मोह होणार नाही.

मी यात एक भर घालेन. पैसे घेऊन तो नाहीसा होऊ नये, जिना उतरून खाली जावा आणि लेअरच्या, म्हणजे अंधारकोठडीला पुढे फुटणाऱ्या एका शाखेच्या, आसपास पुन्हा भेटावा, तेव्हा सौद्याविना आणि जरा तयारीनिशी. म्हणजे तुम्ही संकट विकत घेऊन टाळलेलं नाही, पुढे ढकललंय. वापराची किंमत वापरातच असणं हा जुना नुस्खा आहे. नेटहॅकमध्ये धुळीत 'एल्बेरेथ' लिहून त्यावर उभं राहिलं की बहुतेक शत्रू जवळ येऊन मारत नाहीत. 2003 च्या 3.4.3 आवृत्तीत लोक त्यावर उभे राहून आरामात बाण सोडत बसायचे. 2015 च्या 3.6.0 मध्ये दोन बदल केले: त्यावरून हल्ला केलात की अक्षरं पुसतात, आणि एखादा शत्रू घाबरला की दर वेळी सातात एक शक्यता पुसण्याची. सलग पाच वेळा घाबरवूनही अक्षरं टिकण्याची शक्यता त्यामुळे 46 टक्क्यांवर येते. एल्बेरेथ आजही आहे, जीवही वाचवतं, पण किल्ला म्हणून त्याचा भरवसा उरला नाही.

क्रॉलच्या डेव्हलपरांचा पहिला आक्षेप कुठून येईल हेही सांगते: गोझॅग. या सोन्याच्या देवाच्या भक्तांना अख्ख्या शाखेतल्या शत्रूंना लाच देता येते. लाच देणं सगळ्यांनाच जमलं तर गोझॅगचं वेगळेपण काय? याचं उत्तर सूचनेतच द्या. उदाहरणार्थ, सौदा फक्त नावानिशी येणाऱ्या बोलक्या शत्रूंशी, फक्त पहिल्या काही मजल्यांवर, आणि लाच घेतलेला तुमच्या बाजूने कधीच लढत नाही. आक्षेप वाचणाऱ्याच्या मनात येण्याआधी तुम्ही तो उचललेला दिसला, की सूचना पुढे वाचली जाते. निदान माझ्याकडून तरी.

आता मांडायचं कसं. पाच कल्पना एका धाग्यात टाकू नका, चार फेटाळल्या जाताना पाचवी सोबत वाहून जाते. एकच घ्या. तिच्यासोबत तुमची मॉर्ग फाइल जोडा, म्हणजे मेल्यावर खेळ लिहून ठेवतो ती पात्राची नोंद. 'सिगमंड अन्याय करतो' या वाक्यापेक्षा तुमच्या मरणाच्या नोंदीतले शेवटचे निरोप आम्हाला कितीतरी जास्त सांगतात: तुम्ही जिन्यावर होता का, हातात न वापरलेले स्क्रोल होते का, तो दिसल्यापासून किती टर्न मिळाले. आवृत्ती लिहा, कारण अर्धे वाद ज्या गोष्टी ट्रंकमध्ये, म्हणजे सध्या काम चालू असलेल्या ताज्या कोडमध्ये, केव्हाच बदलल्यात त्यांच्यावरून होतात. आणि मांडण्याआधी विझार्ड मोड, म्हणजे चाचणीसाठी खेळात हवे ते बदल करू देणारी सोय, चालू करून सिगमंडला हव्या त्या मजल्यावर, हव्या त्या पात्रासमोर उभं करून बघा. दहा जातींसमोर उभा केलात तर त्यातल्या तीन-चार जाती सौद्याशिवायही त्याला सहज आटोपतात असं तुम्हालाच दिसेल, आणि हिस्सा किती ठेवायचा ते ठरवायला मदत होईल.

प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी अडून राहू नका. क्रॉलमधल्या आखीव खोल्या, ज्यांना व्हॉल्ट म्हणतात, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चित्रासारख्या काढलेल्या असतात: भिंतीला एक अक्षर, फरशीला टिंब, दाराला अधिकचं चिन्ह, वर नाव आणि कुठल्या मजल्यांवर यावं त्याची एक ओळ. शत्रूंचे संवादही वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये असतात. सिगमंडचा सौदा कोडमध्ये यायला वेळ लागेल, कदाचित येणारही नाही, पण त्याची चार वाक्यं आणि तो उभा असलेली एक अरुंद पुलाची खोली तुम्ही या आठवड्यात लिहून पाठवू शकता. खोली करताना पुलाच्या अलीकडे पळायला दुसरी वाट ठेवा, नाहीतर परीक्षण करणारा पहिल्याच ओळीत तेवढंच विचारेल.